सहावा मणी की सातवा? प्रथिनांच्या सार्वजनिक नोंदवहीची गोष्ट

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना सतत येणारे 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका मेसेजमुळे सुचला. विदर्भातल्या एका लॅबमध्ये काम करणाऱ्या ताईंनी विचारलं होतं: "आमच्याकडे सिकलसेलचे पेशंट बरेच येतात. कॉलेजच्या पुस्तकात शिकलो होतो की हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागेवर बदल होतो. आता जनुकीय तपासणीचा रिपोर्ट येतो त्यात लिहिलेलं असतं, सातव्या जागेवर. पुस्तक चुकलं की रिपोर्ट?"

मी लगेच उत्तर लिहायला बसलो आणि लक्षात आलं, हे दोन ओळींत सांगण्यासारखं नाही. दोन्ही बरोबर आहेत. पण ते का बरोबर आहेत हे सांगायचं, तर जगातल्या सगळ्या प्रथिनांची एक सार्वजनिक नोंदवही आहे, ती कशी बांधली गेली, तिच्यात कोण काय लिहितं आणि ती एकदा बंद पडायच्या बेतात कशी आली होती, हे सगळं सांगावं लागतं. तर आज तेच.

आधी माळ समजून घेऊ

प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ, अंडी, पनीर आठवतं. पण पेशीच्या आत प्रथिन म्हणजे एक माळ असते. मणी वीस प्रकारचे. या मण्यांना अमिनो आम्लं म्हणतात. कुठल्या मण्यानंतर कुठला मणी, हा क्रम जनुकात लिहिलेला असतो. त्या क्रमावरून माळ कशी गुंडाळली जाणार हे ठरतं, आणि गुंडाळी कशी झाली यावर तिचं काम ठरतं. कुणी ऑक्सिजन वाहून नेतं, कुणी साखर पेशीत शिरायला मदत करतं, कुणी जंतूला पकडतं.

आता सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत दीडशेच्या आत मणी. त्यातला फक्त एक बदलतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. बास. एवढ्यानं तांबडी पेशी ऑक्सिजन कमी झाला की विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि माणूस वेदनेनं तळमळतो. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या भागात हे दुखणं किती घरांत आहे हे तिथल्या श्रोत्यांना मी सांगायला नको. हा एका मण्याचा बदल व्हर्नन इंग्रॅम या शास्त्रज्ञाने केंब्रिजमध्ये १९५६-५७ च्या सुमारास दाखवून दिला.

इंग्रॅमच्या काळात प्रथिन कुठून मिळायचं? रक्तातून. रक्त काढायचं, हिमोग्लोबिन वेगळं करायचं, त्याचे तुकडे करायचे आणि मणी मोजायचे. त्या मोजणीत बदललेला मणी सहावा आला. पुस्तकात तेच छापलं गेलं.

पण पेशी जेव्हा माळ ओवायला घेते, तेव्हा पहिला मणी मेथिओनिन असतो. हिमोग्लोबिनच्या बाबतीत तो पहिला मणी नंतर कापून टाकला जातो. रक्तातलं हिमोग्लोबिन हातात येतं तोवर तो गेलेला असतो. पुढे जनुक थेट वाचता यायला लागलं. जनुकात मात्र तो मेथिओनिन लिहिलेला आहेच. तिथून मोजलं की तोच बदल सातव्या जागेवर येतो. रक्तातल्या साखळीत १४६ मणी, जनुकावरून वाचलेल्या साखळीत १४७.

म्हणजे मणी एकच, मोजायची सुरुवात वेगळी. आता विचार करा, नागपूरच्या लॅबने सहा लिहिलं, लंडनच्या लॅबने सात, आणि तिसऱ्याला वाटलं की हे दोन वेगळे आजार आहेत. असं होऊ नये म्हणून कुठेतरी एक जागा लागते जिथे लिहिलेलं असेल: हे प्रथिन, हा त्याचा पूर्ण क्रम, मोजणी इथून सुरू, पहिला मणी नंतर कापला जातो, आणि हा बदल म्हणजेच जुन्या पुस्तकांतला तो सहावा. ती जागा आज आहे. तिचं नाव युनिप्रॉट. त्यात माणसाच्या बीटा हिमोग्लोबिनच्या नोंदीचा क्रमांक आहे पी६८८७१. कुणीही, कुठूनही, फुकट उघडून बघू शकतं.

पहिली वही: पासष्ट नोंदी

ही वही काही एका दिवसात झाली नाही. फ्रेडरिक सँगर यांनी १९५० च्या दशकात इन्सुलिनच्या मण्यांचा क्रम पूर्ण शोधला. गाईगुरांच्या इन्सुलिनचा. ५१ मणी, दोन साखळ्या. त्यासाठी सुमारे दहा वर्षं गेली आणि १९५८ साली नोबेल मिळालं. प्रथिनात मण्यांचा क्रम ठरलेला असतो, हे या कामाने पक्कं झालं. मग जगभर लोक वेगवेगळ्या प्रथिनांचे क्रम शोधू लागले आणि आपापल्या शोधनिबंधांत छापू लागले.

इथे अडचण सुरू झाली. एक क्रम या नियतकालिकात, दुसरा त्या नियतकालिकात. दोन प्राण्यांचं तेच प्रथिन शेजारी ठेवून बघायचं तर आधी लायब्ररीत जाऊन शोधा.

अमेरिकेत मेरीलँडमध्ये मार्गारेट डेहॉफ नावाच्या बाई होत्या. रसायनशास्त्रात डॉक्टरेट, आणि संगणकावर हुकमत. १९६० च्या सुरुवातीला, जेव्हा संगणक म्हणजे खोलीभर यंत्र होतं, तेव्हा त्यांनी रॉबर्ट लेडली यांच्याबरोबर प्रथिनांचे तुकडे जुळवून पूर्ण क्रम मांडणारा प्रोग्रॅम लिहिला. आणि १९६५ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पुस्तक काढलं, 'अ‍ॅटलास ऑफ प्रोटीन सिक्वेन्स अँड स्ट्रक्चर'. तोवर ठाऊक झालेले क्रम एकत्र. किती होते? पासष्ट. फक्त पासष्ट.

डेहॉफबाईंची आणखी एक गोष्ट आजही रोज वापरात आहे. त्या काळी अमिनो आम्लांची नावं तीन अक्षरांत लिहीत. पंचकार्डावर जागा कमी, लिहिताना चुका जास्त. म्हणून त्यांनी प्रत्येकाला एकच अक्षर दिलं. हे वाटतं तेवढं सोपं नव्हतं, कारण अ‍ॅलानिन, आर्जिनिन, अ‍ॅस्पॅराजिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, चौघांचं इंग्रजी आद्याक्षर एकच! मग अ‍ॅलानिनला 'ए' मिळालं, आर्जिनिनला उच्चारावरून 'आर', आणि बाकीच्यांना उरलेल्यांतून. म्हणूनच आज बीटा हिमोग्लोबिनची सुरुवात आपण एका दमात म्हणू शकतो: एम, व्ही, एच, एल, टी, पी, ई, ई, के. मोजून बघा, सातवं अक्षर 'ई'. सिकलसेलमध्ये त्या 'ई'च्या जागी 'व्ही' येतं.

वही कुणाची?

पण मंडळी, अ‍ॅटलासची एक दुखरी बाजू होती. तो विकत घ्यावा लागायचा. डेहॉफ यांची संस्था सरकारी विद्यापीठ नव्हती, खर्च कुठून तरी काढावा लागायचा, आणि पुस्तकावर कॉपीराइट होता. ज्यांनी प्रयोगशाळेत वर्षं घालवून क्रम शोधला, त्यांना वाटायचं: मेहनत आमची, आणि एकत्र केलेली वही विकत आम्हीच घ्यायची?

याचा हिशेब १९८२ मध्ये झाला. अमेरिकी सरकारला डीएनएच्या क्रमांचा राष्ट्रीय साठा उभा करायचा होता, म्हणजेच आजची जेनबँक. डेहॉफ यांच्या गटानेही अर्ज केला होता. त्यांच्याइतका अनुभव कुणाकडेच नव्हता. पण काम गेलं लॉस अलामॉसच्या वॉल्टर गोड यांच्या गटाकडे. त्यामागे एक मोठं कारण असं की या गटाने सुरुवातीपासून ठामपणे मांडलं होतं: माहितीवर मालकी नको, ती सगळ्यांना खुली हवी. डेहॉफबाई पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, ५७ व्या वर्षी गेल्या.

मला हा प्रसंग वाचताना वाईट वाटतं. त्या काही लोभी नव्हत्या. त्यांना वही चालवायची होती आणि चालवायला पैसे लागतात. पण दुसऱ्या बाजूचंही खरं होतं. लोकांनी दिलेल्या माहितीवर उभी राहिलेली वही लोकांना बंद असेल तर लोक माहिती देणं थांबवतात. हे दोन्ही प्रश्न, खर्च कोण करणार आणि मालकी कुणाची, पुढे सतत येत राहिले. आजही सुटलेत असं म्हणता येत नाही. डेहॉफ यांच्या संस्थेचं काम मात्र थांबलं नाही. १९८४ मध्ये त्यातूनच पीआयआर हा प्रथिनांचा संगणकीय साठा सुरू झाला.

पण उपयोग काय?

कुणी म्हणेल, याद्या करून काय मिळतं? तर ऐका. त्याच १९८३ सालातली गोष्ट. कॅलिफोर्नियातले रसेल डूलिटल हे अ‍ॅटलासवर समाधानी नव्हते. नवे क्रम त्यात वेळेवर येत नाहीत म्हणून ते स्वतः टाइप करून आपला साठा वाढवत होते. त्या वर्षी एका वाढ-घटकाच्या क्रमाचा काही भाग प्रसिद्ध झाला. रक्तातल्या बिंबिकांमधून निघणारा, जखम भरायला मदत करणारा हा घटक. डूलिटल यांनी तो आपल्या साठ्याशी जुळवून पाहिला. जुळला कशाशी? माकडांमध्ये कॅन्सर करणाऱ्या एका विषाणूच्या जनुकाशी!

म्हणजे कॅन्सर करणारं ते जनुक कुठून परग्रहावरून आलेलं नव्हतं. शरीर रोज जे 'वाढा' असं सांगतं, तेच सांगणारं ते जनुक होतं, फक्त वेळीअवेळी. जवळपास त्याच सुमारास इंग्लंडमधल्या एका गटालाही स्वतंत्रपणे हेच सापडलं. कॅन्सरकडे बघण्याची दृष्टी बदलली, आणि हा दुवा दिसला तो दोन याद्या शेजारी ठेवल्यामुळे. त्या वेगवेगळ्या कपाटांत राहिल्या असत्या तर?

जिनिव्हातला टाइप करणारा मुलगा

आता स्वित्झर्लंडला जाऊ. १९८० च्या सुरुवातीला जिनिव्हात अमोस बायरॉक नावाचा विद्यार्थी प्रथिनांचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर लिहीत होता. सॉफ्टवेअर चालवायला क्रम हवेत. पण संगणकात वाचता येतील असे क्रम त्याच्याकडे नव्हते. मग काय, बसला टाइप करत. छापील निबंधांतून आणि अ‍ॅटलासमधून त्याने हजारावर क्रम हाताने टाइप केले.

टाइप करताना त्याच्या लक्षात आलं की छापील क्रमांतच चुका आहेत. कुठे अक्षर गळलंय, कुठे उलटसुलट झालंय. शेदोनशे अक्षरांची निरर्थक वाटणारी ओळ, प्रूफ वाचणारा तरी काय करणार! म्हणून १९८२ मध्ये त्याने एका नियतकालिकाला पत्र लिहून सुचवलं की क्रम छापताना त्याबरोबर एक पडताळणीचा आकडाही छापावा. ही युक्ती तुम्हाला ओळखीची आहे. आधारच्या बारा आकड्यांपैकी शेवटचा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून काढलेला असतो. मधला एखादा आकडा चुकीचा टाइप झाला की हिशेब जुळत नाही आणि यंत्र लगेच अडतं. तसंच इथे.

पुढे त्याला पीआयआरचा साठा मिळाला. क्रम होते, पण त्याबरोबरची माहिती त्याला हवी तशी कप्प्यांत लावलेली नव्हती. ती त्याने नव्याने मांडली, भर घातली, आणि जुलै १९८६ मध्ये सगळ्यांना वापरायला खुली केली. नाव ठेवलं स्विस-प्रॉट. त्याच सप्टेंबरच्या दुसऱ्या आवृत्तीत ३,९३९ नोंदी होत्या. एकवीस वर्षांपूर्वीच्या पासष्टवरून इथवर.

एका नोंदीत काय असतं

स्विस-प्रॉटचं वेगळेपण असं, की तिथे नुसता क्रम ठेवत नाहीत. क्युरेटर म्हणून काम करणारी माणसं, बहुतेक स्वतः जीवशास्त्रात डॉक्टरेट केलेली, शोधनिबंध वाचतात आणि नोंद लिहितात. एक उदाहरण घेऊ, माणसाचं इन्सुलिन, क्रमांक पी०१३०८.

मघाशी सांगितलं, सँगर यांना ५१ मणी सापडले. नोंद उघडली तर दिसतात ११०. परत तोच गोंधळ? नाही. नोंदीत खाली एकेक भाग मांडलेला आहे. पहिले २४ मणी म्हणजे पत्ता लिहिलेली चिठ्ठी. हे प्रथिन पेशीबाहेर पाठवायचंय, असं सांगणारी. ती नंतर फाडली जाते. मग बी-साखळी, ३० मणी. मध्ये जोडणारा तुकडा, जो कापला जातो. शेवटी ए-साखळी, २१ मणी. तीस आणि एकवीस, झाले ५१. आणि तो मधला तुकडा म्हणजेच सी-पेप्टाइड. डायबेटिसवाल्यांना डॉक्टर कधी कधी ही टेस्ट लिहून देतात ना, तोच. स्वादुपिंड स्वतः किती इन्सुलिन बनवतंय हे त्यावरून कळतं, कारण प्रत्येक इन्सुलिनमागे एक सी-पेप्टाइड सुटतो, आणि बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो.

याशिवाय नोंदीत असतं: हे प्रथिन काय करतं, पेशीत कुठे असतं, कुठले मणी कुठल्या मण्यांशी जोडलेले, कुठल्या बदलाने कुठला आजार. आणि प्रत्येक विधानासमोर त्याचा आधार: हे प्रयोगातून दिसलंय, की दुसऱ्या प्राण्याच्या सारख्या प्रथिनावरून अंदाज केलाय. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. का, ते सांगतो.

कानगोष्टी

लहानपणी कानगोष्टींचा खेळ खेळलो ना आपण? पहिल्याने सांगितलं एक, शेवटच्याने ऐकलं भलतंच. प्रथिनांच्या साठ्यात हाच खेळ चालू शकतो.

होतं असं. नवीन जीवाचं जनुकीय वाचन झालं की एकदम हजारो प्रथिनं समोर येतात. प्रत्येकावर प्रयोग करणार कोण? मग संगणक बघतो, हा क्रम ओळखीच्या कुठल्या प्रथिनासारखा दिसतो? सापडलं की त्याचं काम याच्या नावावर लिहून टाकतो. बहुतेक वेळा ठीक असतं. पण समजा पहिल्याच नोंदीत चूक होती. किंवा साम्य अर्धवट होतं. ती चूक दुसऱ्यावर गेली, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. दहाव्या नोंदीपाशी कुणाला ठाऊकच नसतं की मुळात कुणीही प्रयोग केलेला नव्हता.

ही नुसती भीती नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने, ज्यांची कामं प्रयोगातून पक्की ठाऊक आहेत अशी ३७ एन्झाइम कुटुंबं निवडून वेगवेगळे साठे तपासले. माणसांनी वाचून लिहिलेल्या स्विस-प्रॉटमध्ये बहुतेक कुटुंबांसाठी चुका शून्याच्या आसपास होत्या. आपोआप नोंदी होणाऱ्या साठ्यांत मात्र एन्झाइमांच्या गटागटानुसार सरासरी ५ टक्क्यांपासून ६३ टक्क्यांपर्यंत.

मग सगळं माणसांनीच का लिहू नये? कारण क्रम पुरासारखे येतात आणि वाचणारी माणसं मूठभर. यावर १९९६ मध्ये मार्ग काढला तो असा: दोन वह्या ठेवायच्या. माणसांनी तपासलेली स्विस-प्रॉट, आणि जनुकांवरून संगणकाने भाषांतर करून भरलेली ट्रेंबल. दुसरीतली नोंद कुणीतरी वाचून पक्की केली की ती पहिलीत जाते. आज पहिल्या वहीत पावणेसहा लाखांच्या आसपास नोंदी आहेत. दुसरी एके काळी वीस कोटींच्याही पुढे गेली होती. म्हणून तुम्ही विद्यार्थी असाल तर एक सवय लावून घ्या. युनिप्रॉटमध्ये नोंद उघडली की आधी बघा, ती तपासलेली आहे की नाही. तपासलेली नसेल तर ती टाकाऊ नाही, पण ती ऐकीव आहे एवढं लक्षात ठेवा.

१९९६चा उन्हाळा

आता त्या बंद पडण्याच्या गोष्टीकडे. १९९६ पर्यंत जगभरच्या प्रयोगशाळा स्विस-प्रॉटवर अवलंबून झाल्या होत्या. १९९३ पासून ते वेबवरही होतं, जीवशास्त्रातल्या अगदी सुरुवातीच्या वेबसाइट्सपैकी एकावर. आणि अशा वेळी पैसे संपले.

झालं काय, की संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्था नव्या शोधासाठी पैसे देतात. वही सांभाळणं हा नवा शोध नाही. स्विस म्हणणार ही तर युरोपभर वापरली जाते, युरोपने द्यावं. युरोपातून काही मिळेना. मे महिन्यात बायरॉक यांनी इंटरनेटवर जाहीर केलं की ३० जूननंतर सेवा बंद होईल.

मग पत्रांचा पाऊस पडला. हजारो शास्त्रज्ञांनी लिहिलं की हे बंद झालं तर आमचं काम अडेल. स्विस सरकारला तात्पुरती सोय करावी लागली, आणि १९९८ मध्ये त्यातूनच स्विस बायोइन्फर्मेटिक्स संस्था उभी राहिली. काही वर्षं खासगी कंपन्यांकडून शुल्क घेऊन आणि विद्यापीठांना मोफत ठेवून गाडा ओढला. २००२ मध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेने निधी दिला आणि स्विस-प्रॉट, युरोपीय संस्थेचं ट्रेंबल आणि डेहॉफ यांच्या परंपरेतलं पीआयआर, तिघं एकत्र आले. तेच युनिप्रॉट. आज त्याचा परवाना सरळ आहे: वापरा, वाटा, त्यावर नवं उभारा, फक्त श्रेय द्या. कंपन्यांनाही तोच नियम.

म्हणजे १९८२ मध्ये ज्या मुद्द्यावर डेहॉफ यांचा गट हरला, त्याच मुद्द्यावर वीस वर्षांनी त्यांची वही इतरांच्या वहीत मिसळून खुली झाली. आणि २०२२ मध्ये अल्फाफोल्डने वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या आकारांचे अंदाज प्रसिद्ध केले तेव्हा ते कुठल्या क्रमांचे होते? युनिप्रॉटमधल्या. त्या यंत्राला शिकवायला वापरलेले प्रयोगसिद्ध आकारही १९७१ पासून चालत आलेल्या दुसऱ्या एका खुल्या साठ्यातले. २०२४ चं नोबेल त्या कामाला मिळालं आणि ते योग्यच. पण त्याखाली चाळीसपन्नास वर्षं कुणीतरी निबंध वाचून नोंदी लिहीत होतं, हेही सांगायला हवं.

आपल्याला बांधायचं असेल तर

आपल्या पुण्यात विद्यापीठात १९८७ पासून बायोइन्फर्मेटिक्स केंद्र आहे, आणि अनेक कॉलेजांत आता हा विषय शिकवतात. बरेच विद्यार्थी प्रोजेक्ट म्हणून छोटा डेटाबेस करतात आणि दोन वर्षांत त्याची लिंक मरते. म्हणून एक उदाहरण घेऊन बोलतो. समजा तुम्ही ठरवलंत की आपल्याकडच्या चार मुख्य विषारी सापांच्या, म्हणजे नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषातल्या प्रथिनांची वही करू. तर सॉफ्टवेअर निवडायच्या आधी पाच प्रश्नांची उत्तरं लिहून काढा.

पहिला: हे आधीच कुणी केलंय का? प्राण्यांच्या विषातल्या प्रथिनांसाठी स्विस-प्रॉटमध्ये टॉक्स-प्रॉट नावाचा वेगळा उपक्रम आहेच. मग तुम्ही फक्त तेवढंच भरा जे तिथे नाही: विष कुठल्या भागातल्या सापाचं, कुठल्या ऋतूत काढलेलं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशानुसार बदलतं, त्यामुळे ही माहिती प्रतिविषाचं काम करणाऱ्यांना खरोखर उपयोगाची.

दुसरा: नोंदीचा क्रमांक कसा देणार? क्रमांक एकदा दिला की कधीही बदलायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही. दोन नोंदी एकच निघाल्या तर एकत्र करा, पण जुना क्रमांक नव्या नोंदीकडे नेणारा राहिला पाहिजे. कुणीतरी तो आपल्या प्रबंधात छापलेला असतो.

तिसरा: प्रत्येक विधानामागे आधार काय? प्रयोग की अंदाज, आणि कुणाचा. हा रकाना रिकामा ठेवायची परवानगी प्रोग्रॅमने देऊच नये.

चौथा: चूक सापडली तर कोण दुरुस्त करणार, आणि आधी काय लिहिलं होतं ते दिसेल का? जुन्या आवृत्त्या पुसू नका. चूक लपवणाऱ्या वहीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

पाचवा, आणि यावरच बहुतेक प्रोजेक्ट मरतात: तुम्ही पास होऊन गेल्यावर कोण बघणार? उत्तर नसेल तर स्वतःची वेबसाइट काढण्यापेक्षा तपासलेल्या नोंदी मोठ्या साठ्याकडे पाठवा. युनिप्रॉटमध्ये प्रत्येक नोंदीवर सूचना पाठवायची सोय आहे. कुठला शोधनिबंध नोंदीत यायला हवा, हेही सुचवता येतं. तिथे तुमचं नाव मोठ्या अक्षरांत येणार नाही, पण माहिती टिकेल.

ताईंना उत्तर

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पुस्तक बरोबर, रिपोर्टही बरोबर. पुस्तक रक्तातल्या साखळीवरून मोजतं, रिपोर्ट जनुकावरून. पेशंटच्या घरच्यांना दोन कागदांवर दोन आकडे दिसले आणि ते घाबरले, तर निर्धास्तपणे सांगा की आजार एकच आहे. पी६८८७१ उघडून दाखवा. तिथे सातव्या जागेसमोर सिकलसेलची नोंद आहे, आणि पहिला मणी कापला जातो हेही तिथेच लिहिलंय. हे तिथे आपोआप आलेलं नाही. कुणीतरी जुने निबंध आणि नवे रिपोर्ट शेजारी ठेवून, वाचून, ती नोंद नीट लावली आहे.

आजच्या भागात एवढंच. तुमच्या कामात कुठे असे दोन आकडे एकमेकांशी भांडताना दिसले तर जरूर कळवा. त्यातूनच पुढचा भाग निघतो. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.